नेता कोण, अध्यक्ष कोण, महापौर कोण? पदांच्या रस्सीखेचीबद्दल पुणेकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निकाल लागतो, गुलाल उधळला जातो, आणि मग आठवडा-पंधरवडा नुसत्या बैठका. शनिवार पेठेतल्या कट्ट्यावर असो की बाणेरच्या सोसायटीच्या ग्रुपवर, सूर एकच असतो: आकडे जमलेत ना, मग अडलंय कुठे? खालची उत्तरं याच प्रश्नाभोवती आहेत. विधानसभेचे दाखले जास्त आहेत, कारण कायदा आणि पैसा तिथूनच खाली येतो. महापालिकेचेही आहेत, कारण तोच खेळ आपल्याला तिथे जवळून दिसतो.

स्पष्ट बहुमत असतानाही नेता ठरायला इतके दिवस का लागतात?

कारण नेता एकटा ठरत नाही. त्याच्यासोबत उपमुख्यमंत्री, गृह, अर्थ, नगरविकास, महसूल, विधानसभेचं अध्यक्षपद, विधान परिषदेचं सभापतिपद, महामंडळं आणि पालकमंत्रिपदं अशी सगळी मोट बांधावी लागते. शपथविधीच्या दिवशी दिसतो तो त्या सौद्याचा पहिला हप्ता.

२०२४चंच बघा. २३ नोव्हेंबरला निकाल लागला. भाजप १३२, शिंदेंची शिवसेना ५७, अजित पवारांची राष्ट्रवादी ४१. म्हणजे २८८च्या सभागृहात २३०. भाजप एकटाच बहुमताच्या उंबरठ्यावर होता. तरी भाजप विधिमंडळ पक्षाचा नेता ठरायला ४ डिसेंबर उजाडला आणि शपथ झाली ५ डिसेंबरला. मंत्रिमंडळ विस्तार १५ डिसेंबरला नागपुरात, खातेवाटप २१ला. पालकमंत्र्यांची यादी थेट १८ जानेवारीला आली, आणि दुसऱ्याच दिवशी रायगड आणि नाशिकच्या नावांना स्थगिती द्यावी लागली. दोन महिने मतदार समजत होते की सरकार स्थापन झालं. आतमध्ये मात्र घासाघीस चालूच होती.

त्या काळात एकनाथ शिंदे साताऱ्यातल्या आपल्या दरे गावी जाऊन राहिले. कारण तब्येतीचं सांगितलं गेलं, आणि ते खरंही असेल. पण बैठकीला एक खुर्ची रिकामी राहिली की बाकीच्यांना पुढे सरकता येत नाही, हे राजकारणात मुरलेल्या कुणालाही ठाऊक असतं.

मुख्यमंत्री आमदार निवडतात की दिल्ली?

राज्यघटनेचं कलम १६४ म्हणतं, मुख्यमंत्र्यांची नेमणूक राज्यपाल करतात. विधिमंडळ पक्षाने आपला नेता मतदानानेच निवडला पाहिजे, असं घटनेत कुठेही नाही. ती पक्षांची रीत आहे, आणि रीत म्हटली की ती वाकवता येते.

ती वाकवण्याचं नामी साधन म्हणजे एक ओळीचा ठराव. दिल्लीहून निरीक्षक येतात, प्रत्येक आमदाराला एकेकटं खोलीत बोलावून मत विचारतात आणि शेवटी एकमताने ठराव होतो: नेतानिवडीचे सर्व अधिकार पक्षश्रेष्ठींना. काँग्रेसने ऐंशीच्या दशकात ही पद्धत इतकी वापरली की मंत्रालयात संगीतखुर्चीच सुरू झाली. जून १९८० ते जून १९८८ या आठ वर्षांत अंतुले, बाबासाहेब भोसले, वसंतदादा पाटील, शिवाजीराव निलंगेकर, शंकरराव चव्हाण आणि मग शरद पवार. यातले किती जण आमदारांच्या मोजलेल्या मतांवर आले, हा प्रश्न तेव्हाही कुणी विचारत नव्हतं. भाजपची पद्धत दिसायला वेगळी, पण २०२४लाही निर्मला सीतारामन आणि विजय रूपानी हे दोघे निरीक्षक म्हणून आलेच होते.

खरीखुरी लढतही महाराष्ट्राने पाहिली आहे. १९५६ साली द्वैभाषिक मुंबई राज्याचा नेता ठरवताना मोरारजी देसाईंना एकमताने निवड हवी होती. भाऊसाहेब हिरे लढायला उभे राहिले, तेव्हा मोरारजी बाजूला झाले, आणि यशवंतराव चव्हाणांनी हिऱ्यांना मतदानात हरवलं. चव्हाणांना पुढे जी मान्यता मिळाली, तिच्यामागे मोजलेल्या मतांचं बळ होतं. तेव्हापासून पक्षश्रेष्ठींना अशा मोजणीची धास्तीच वाटते असं माझं मत आहे, कारण मतं मोजली की हरलेल्या गटाचा आकडाही जाहीर होतो. आणि आकडा जाहीर झाला की त्याला किंमत येते.

ज्याचे आमदार जास्त त्याचा मुख्यमंत्री, हा नियम आहे ना?

नियम नाही, सोयीचा संकेत आहे. सोय असते तोवर पाळला जातो.

१९९५ला पाळला गेला: शिवसेना ७३, भाजप ६५, म्हणून मनोहर जोशी मुख्यमंत्री आणि गोपीनाथ मुंडे उपमुख्यमंत्री. १९९९लाही पाळला गेला: काँग्रेस ७५, राष्ट्रवादी ५८, विलासराव देशमुख मुख्यमंत्री. मग आलं २००४. राष्ट्रवादी ७१, काँग्रेस ६९. संकेताप्रमाणे पद राष्ट्रवादीचं. मिळालं मात्र पुन्हा विलासरावांना. राष्ट्रवादीने त्या बदल्यात मंत्रिपदं जास्त घेतली, वजनदार खाती घेतली आणि आर. आर. पाटील उपमुख्यमंत्री झाले. एक खुर्ची सोडून अनेक खुर्च्या घेणं हा तोट्याचा व्यवहार नव्हता, असं तेव्हा अनेकांना वाटलं. अजित पवारांना वाटलं नाही, आणि त्यांनी ते पुढे जाहीरपणे बोलूनही दाखवलं.

२०१९ला ५६ आमदारांच्या पक्षाचे उद्धव ठाकरे मुख्यमंत्री झाले आणि १०५ आमदारांचे भाजपवाले विरोधी बाकांवर बसले. २०२२ला चाळीसेक आमदार घेऊन आलेले शिंदे मुख्यमंत्री झाले आणि शंभरीपार पक्षाचे माजी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस त्यांचे उपमुख्यमंत्री.

या सगळ्यातून एकच गोष्ट दिसते. भाव आमदारांच्या संख्येला मिळत नाही, उपद्रवमूल्याला मिळतो. तुम्ही निघून गेलात तर सरकार पडतं का, आणि निघून जायला तुम्हाला दुसरं घर आहे का, हे दोन प्रश्न. दोन्हींची उत्तरं ‘हो’ असतील तर छप्पन्न आमदारांतही मुख्यमंत्रिपद मिळतं. २०१९ला शिवसेनेकडे दोन्ही ‘हो’ होती. २०२४ला शिंदेंकडे ५७ आमदार होते, पण त्यांच्याशिवाय भाजप आणि अजित पवारांचे मिळून १७३ होत होते. तिथेच मुख्यमंत्रिपदाचा निकाल लागला होता. बाकी दिवस गेले ते भरपाई ठरवण्यात.

सभागृहाचा सदस्यच नसलेला माणूस नेता कसा होतो?

सहा महिन्यांची सवलत आहे. तेवढ्यात विधानसभेवर किंवा परिषदेवर निवडून यायचं. नोव्हेंबर २०१०मध्ये पृथ्वीराज चव्हाण दिल्लीतून असेच आले. उद्धव ठाकरे मे २०२०मध्ये परिषदेवर बिनविरोध गेले. गटांची भांडणं टोकाला गेली की बाहेरचा माणूस बरा वाटतो, कारण तो कुणाच्याच गटाचा नसतो. निदान पहिले सहा महिने.

विधानसभा अध्यक्षपदाला एवढा भाव का? ते तर तटस्थ पद आहे.

पद तटस्थ आहे. त्यावर बसणारा माणूस कुठल्या तरी पक्षाच्या तिकिटावर निवडून आलेला असतो.

अध्यक्षाच्या हातात काय असतं ते पाहा. आमदार अपात्र आहे की नाही, हा निर्णय घटनेच्या दहाव्या परिशिष्टानुसार, म्हणजे पक्षांतरबंदीच्या तरतुदीनुसार, त्याचा. पक्षात फूट पडली तर कुणाचा गटनेता आणि कुणाचा प्रतोद (सभागृहात पक्षाचा आदेश बजावणारा) मान्य करायचा, ही पहिली नोंद त्याची. राजीनामा स्वीकारायचा की नाही, तोच ठरवतो. समसमान मतं पडली तर निर्णायक मत त्याचं. स्थिर सरकारात या अधिकारांची आठवणही होत नाही. काठावरच्या सरकारात हेच पद मुख्यमंत्रिपदाइतकं महाग होतं.

महाविकास आघाडीला हे महागात पडलं. वाटणीत अध्यक्षपद काँग्रेसकडे गेलं आणि १ डिसेंबर २०१९ला नाना पटोले बिनविरोध निवडून आले. फेब्रुवारी २०२१मध्ये त्यांनी प्रदेशाध्यक्ष होण्यासाठी राजीनामा दिला. काँग्रेसच्या दृष्टीने हा पक्षांतर्गत फेरबदल होता. आघाडीच्या दृष्टीने तटबंदीचा दरवाजा उघडा राहिला. नवा अध्यक्ष निवडायचा तर नियमाप्रमाणे गुप्त मतदान, आणि गुप्त मतदानात आपलेच आमदार फुटतील ही भीती. जुलै २०२१मध्ये भाजपच्या १२ आमदारांना वर्षभरासाठी निलंबित केलं गेलं. जानेवारी २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते निलंबन रद्द केलं. मधल्या काळात, डिसेंबर २०२१मध्ये, सरकारने नियम बदलून निवडणूक खुल्या आवाजी मतदानाने घ्यायचं ठरवलं. पण निवडणुकीची तारीख राज्यपाल ठरवतात, आणि राज्यपाल कोश्यारी यांनी ती दिली नाही. पद रिकामंच राहिलं.

गुप्त मतदानाची भीती अनाठायी नव्हती. २० जून २०२२ला विधान परिषदेची निवडणूक गुप्त मतदानाने झाली, आघाडीची मतं फुटली, काँग्रेसचे चंद्रकांत हंडोरे पडले, आणि त्याच रात्री शिंदे आमदारांना घेऊन सुरतच्या वाटेला लागले. सरकार बदललं आणि सव्वा वर्षाहून अधिक काळ रिकाम्या राहिलेल्या पदाच्या निवडणुकीची तारीख चार दिवसांत मिळाली. ३ जुलैला शिरगणतीने मतदान होऊन राहुल नार्वेकर १६४ विरुद्ध १०७ मतांनी राजन साळवींना हरवून अध्यक्ष झाले. दुसऱ्या दिवशी विश्वासदर्शक ठराव. आधी अध्यक्ष, मग ठराव, हा क्रम मुद्दाम लक्षात ठेवा.

आपल्या जिल्ह्याचाही या खुर्चीशी संबंध आहे. आंबेगावचे दिलीप वळसे-पाटील २००९ ते २०१४ अध्यक्ष होते.

आणि उपाध्यक्ष? ते तर शोभेचं पद ना?

अध्यक्ष असेपर्यंत. पटोले गेल्यावर उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांच्याकडेच सभागृह आलं आणि जून २०२२मध्ये शिवसेनेच्या बंडखोरांच्या अपात्रतेची नोटीस त्यांनीच काढली. त्याच सुमारास झिरवाळांना हटवण्याचा प्रस्ताव आला. का? कारण नबाम रेबिया खटल्यात २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की, स्वतःला हटवण्याची नोटीस प्रलंबित असताना अध्यक्षाने अपात्रतेचा निर्णय करू नये. म्हणजे नोटीस दिली की समोरच्याचा हात बांधला जातो. झिरवाळांनी ती नोटीस फेटाळली. ती अनोळखी ईमेलवरून आली आहे आणि सह्यांची खातरजमा झालेली नाही, असं कारण दिलं. राज्याचं सरकार राहणार की जाणार हे एका ईमेलच्या खरेपणावर येऊन थांबलं होतं! न्यायालयाने आमदारांना उत्तरासाठी १२ जुलैपर्यंत मुदत दिली, आणि त्याआधीच उद्धव ठाकरेंनी राजीनामा दिला.

मार्च २०२५पासून हे पद पिंपरीचे अण्णा बनसोडे यांच्याकडे आलं, तेही बिनविरोध. तेव्हा पिंपरी-चिंचवडमध्ये काहींनी ‘मंत्रिपद हुकलं म्हणून बोळवण केली’ असा सूर लावला होता. वरचा किस्सा वाचून ठरवा बोळवण की काय ते.

पक्षांतरबंदी कायदा आहे, तरी गट फुटतात कसे?

कायद्याने फूट थांबली नाही, तिची ठोक किंमत ठरली.

१९७८ला कायदाच नव्हता. शरद पवार वसंतदादांच्या सरकारातून आमदार घेऊन बाहेर पडले आणि जुलैत अडतिसाव्या वर्षी मुख्यमंत्री झाले. १९८५ला ५२वी घटनादुरुस्ती आली. तिच्यात एक तृतीयांश आमदार एकत्र फुटले तर माफी होती. डिसेंबर १९९१ला नागपूर अधिवेशनात छगन भुजबळ शिवसेनेतून फुटले तेव्हा सेनेचे आमदार ५२ होते, आणि भुजबळांच्या पत्रावर सह्या १८. बावन्नाचा तिसरा हिस्सा काढून पाहा. सह्या किती हव्यात हे आधी ठरतं, माणसं मग शोधली जातात.

२००३च्या ९१व्या दुरुस्तीने एक तृतीयांशची पळवाट बंद केली. आता दोन तृतीयांश, आणि तेही दुसऱ्या पक्षात विलीन झालात तर. परिणाम काय झाला? सुट्या आमदाराची किंमत उतरली आणि दोन तृतीयांश गोळा करू शकणाऱ्या नेत्याची प्रचंड वाढली. २०२२ला शिवसेनेचे ५५ आमदार होते, म्हणजे ३७ लागत होते. शिंदेंकडे त्याहून जास्त जमले. पण ते विलीन झालेच नाहीत. त्यांनी सांगितलं, आम्ही फुटलोच नाही, आम्हीच पक्ष. जुलै २०२३ला अजित पवारांनीही तेच सांगितलं. निवडणूक आयोगाने फेब्रुवारी २०२३मध्ये आणि फेब्रुवारी २०२४मध्ये अनुक्रमे दोघांना नाव आणि चिन्ह दिलं.

११ मे २०२३च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने एक गोष्ट साफ केली: प्रतोद आणि गटनेता राजकीय पक्षाने नेमायचा, विधिमंडळातल्या आमदारांच्या गटाने नव्हे. भरत गोगावले यांना प्रतोद म्हणून अध्यक्षांनी दिलेली मान्यता बेकायदा ठरली. पण ठाकरेंनी बहुमत चाचणीला सामोरं न जाता राजीनामा दिल्यामुळे त्यांना परत आणता येत नाही, असंही न्यायालयाने म्हटलं. अपात्रतेचा निर्णय पुन्हा अध्यक्षांकडे गेला, आणि १० जानेवारी २०२४ला नार्वेकरांनी कुणालाच अपात्र ठरवलं नाही. अध्यक्षपदाला भाव का, याचं उरलेलं उत्तर इथे आहे.

आमदारांना हॉटेलात का नेतात? शब्दावर विश्वास नाही का?

नाही.

थोडं अधिक सांगायचं तर, फोन आणि घरचे दोन्ही दूर ठेवायचे असतात. २००२ला विलासराव सरकारवरच्या संकटात इंदूर गाजलं, २०२२ला सुरत आणि गुवाहाटी. तिथे नेलेल्या आमदारांचं फार काही चालत नाही. जेवतात, पत्ते खेळतात, एकमेकांवर नजर ठेवतात.

‘अडीच-अडीच वर्षं’ ठरलं होतं म्हणतात. असा लेखी करार असतो का?

बहुधा बंद खोलीतला शब्द असतो, आणि त्याचे साक्षीदार दोनच: देणारा आणि घेणारा. २०१९ची युती याच वादावर मोडली. शिवसेना म्हणाली, समसमान वाटप ठरलं होतं; भाजप म्हणाला, मुख्यमंत्रिपदाबद्दल असं काही ठरलंच नव्हतं. असा करार कोर्टात टिकत नाही. मुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला नाही तर त्यांना हटवायचा मार्ग एकच, सभागृहातला आकडा. त्यामुळे पहिली अडीच वर्षं घेणारा नेहमीच फायद्यात राहतो. दुसरी अडीच वर्षं ही उधारी आहे.

पुण्यातही ‘विधान भवन’ आहे. तिथे विधानसभा भरायची का?

भरायची. कॅम्पातला कौन्सिल हॉल म्हणजे मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळाचं पावसाळ्यातलं घर. १७ सप्टेंबर १९३७ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खोती पद्धत रद्द करण्याचं विधेयक पुण्याच्या अधिवेशनातच मांडलं. आणि ज्या सभागृहापुढे ते मांडलं, त्याचा नेता कोण यावरूनही त्याच वर्षी मोठा वाद झाला होता. मुंबई काँग्रेसमधले वजनदार नेते के. एफ. नरिमन यांना डावलून बाळासाहेब खेरांची निवड झाली. नरिमन यांनी वल्लभभाई पटेलांवर ठपका ठेवला, चौकशी झाली आणि ती नरिमन यांच्या विरोधात गेली. तेव्हा ‘पूर्वी असं नव्हतं हो’ म्हणणाऱ्या काकांना हे जरूर सांगा.

आज त्या आवारात विभागीय आयुक्तांचं कार्यालय आहे. महापालिकेचा निकाल लागला की सगळ्या पक्षांचे कारभारी गटनोंदणीसाठी तिकडेच धावतात.

गटनोंदणी म्हणजे काय?

निवडून आलेल्या नगरसेवकांची यादी, त्यांच्या सह्या आणि गटनेत्याचं नाव विभागीय आयुक्तांकडे नोंदवणं. त्यानंतर व्हिप, म्हणजे मत कुणाला द्यायचं याचा पक्षादेश, काढायचा अधिकार त्या गटनेत्याला येतो आणि व्हिप मोडला तर नगरसेवकपद जाऊ शकतं. महापालिकेच्या सदस्यांसाठी पक्षांतरबंदीचा वेगळा राज्य कायदा आहे, १९८६चा, आणि तिथे अपात्रतेचा निर्णय अध्यक्ष नव्हे तर विभागीय आयुक्त करतात. निकालानंतर महिन्याभरात अपक्ष आणि छोटे पक्ष मिळून आघाडी म्हणूनही नोंदणी करू शकतात. अपक्षांची चैन असते ती त्या महिन्यापुरतीच. एकदा सही झाली की गाडीतून फिरवणारे फोनही उचलत नाहीत.

महापौर नेमका कसा निवडला जातो?

आधी मंत्रालयात आरक्षणाची सोडत निघते. तिथेच निम्मे इच्छुक गारद होतात. ज्यांनी वर्षभर फ्लेक्स लावले, त्यांच्या नशिबी दुसऱ्याच प्रवर्गाची चिठ्ठी येते. मग उरलेल्यांत उपनगर विरुद्ध पेठा, जुना कार्यकर्ता विरुद्ध आयात, या आमदाराचा माणूस विरुद्ध त्या खासदाराचा, अशी ओढाताण. नाव शेवटच्या क्षणी उघड करतात, तेही अर्ज भरण्याच्या दिवशी, म्हणजे रुसायला वेळच उरू नये.

निवडणुकीच्या दिवशी महापालिकेत आलात तर एक गंमत दिसते. सभागृहात एकेका पक्षाचे सगळे नगरसेवक एकाच रंगाच्या फेट्यात रांगेने येतात, कारण बऱ्याचदा एकाच बसमधून आणलेले असतात. पीठासीन अधिकारी अर्जांची छाननी जाहीर करतात आणि माघारीसाठी १५ मिनिटं देतात. ती १५ मिनिटं हाच दिवसाचा खरा भाग. आकडे माहीत असलेला विरोधी उमेदवार माघार घेणार की लढून हरणार, आणि माघार घेतली तर कुठल्या समितीवर कुणाची वर्णी लागणार, हे बाकांमधल्या अरुंद वाटेत वाकून, कानाशी लागून ठरतं. मग हात वर करून मतदान. प्रशासनाचे कर्मचारी नावागणिक नोंद घेतात. इथे गुप्त काही नाही; कुणाचा हात किती उशिरा वर गेला, हेही बाकीचे टिपून ठेवतात.

महापौराची मुदत अडीच वर्षं, मग पुण्यात सव्वा-सव्वा वर्षाचे महापौर का?

कायद्याची मुदत अडीच वर्षं, पक्षातल्या नाराजांची मुदत त्याहून कमी. २०१२ ते २०१७ या पाच वर्षांत राष्ट्रवादीने वैशाली बनकर, चंचला कोद्रे, दत्तात्रय धनकवडे आणि प्रशांत जगताप असे चार महापौर दिले. चार गट, चार भाग, चार उद्घाटनांच्या कोनशिला. २०१७ला भाजपकडे स्वबळावर सत्ता आली तेव्हा मुक्ता टिळक यांनी पहिला टप्पा पूर्ण केला आणि नोव्हेंबर २०१९ला मुरलीधर मोहोळ आले. मोठं बहुमत असलं की असंतुष्टांना जायला जागा नसते, मग पद तुकड्यांत वाटावं लागत नाही. पुन्हा तोच उपद्रवमूल्याचा हिशेब.

‘पुणे पॅटर्न’ काय होता?

२००७ला राज्यात काँग्रेस आणि राष्ट्रवादी एकत्र सत्तेत होते. पुण्यात मात्र अजित पवारांच्या राष्ट्रवादीने शिवसेना आणि भाजपला सोबत घेऊन सुरेश कलमाडींच्या काँग्रेसला बाहेर बसवलं. राजलक्ष्मी भोसले महापौर झाल्या. विचारसरणीच्या नावाने तेव्हा बोटं मोडणारे पुष्कळ होते. पण हिशेब सरळ होता: कलमाडींसोबत गेलं असतं तर पालिकेवर त्यांचीच पकड राहिली असती. युतीत वाटा कमी मिळाला तरी चालेल, समोरचा आपल्यापेक्षा मोठा होता कामा नये. पुढे हा पॅटर्न मोडला, नाव मात्र राहिलं. आता राज्यात कुठेही विजोड युती झाली की पत्रकार ‘पुणे पॅटर्न’ लिहून मोकळे होतात.

महापौरपद सोडून लोक स्थायी समितीसाठी का भांडतात?

महापौराकडे मान आहे, गाडी आहे, सभेचं अध्यक्षपद आहे. कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे. मोठ्या खर्चाच्या निविदा आणि अंदाजपत्रक जातं ते १६ सदस्यांच्या स्थायी समितीपुढे. पुणे महापालिकेचं २०२५-२६चं अंदाजपत्रक १२,६१८ कोटींचं होतं. उत्तर त्यातच आलं. समितीत पक्षांना संख्याबळाप्रमाणे जागा मिळतात, दरवर्षी निम्मे सदस्य निवृत्त होतात आणि अध्यक्षाची निवडही दरवर्षी. म्हणजे पाच वर्षांत पाच जणांना शब्द देता येतो. महापौरपद एका गटाला आणि पहिल्या वर्षाची ‘स्थायी’ दुसऱ्याला, ही वाटणी इतकी ठरलेली आहे की नावं वाचूनच कुठला गट कशात खूश झाला ते कळतं.

१४ मार्च २०२२ला नगरसेवकांची मुदत संपल्यावर मात्र साडेतीन वर्षांहून जास्त काळ सभागृहच नव्हतं. स्थायीचे अधिकारही प्रशासकाकडेच होते. तो सगळा काळ गटांची भांडणं पालिकेतून उठून पालकमंत्र्यांच्या दारात गेली.

पालकमंत्रिपदाचा या सगळ्याशी काय संबंध?

घटनेत हे पद नाही, पण जिल्हा नियोजन समितीचा अध्यक्ष पालकमंत्री असतो आणि जिल्ह्याचा विकासनिधी कुठल्या तालुक्यात किती, हे तिथे ठरतं. पुणे जिल्ह्यात विधानसभेचे २१ मतदारसंघ आहेत. २१ आमदारांच्या रस्त्यांच्या, बंधाऱ्यांच्या, शाळाखोल्यांच्या याद्या एका टेबलावर येतात. ऑक्टोबर २०२३मध्ये हे पद चंद्रकांत पाटलांकडून अजित पवारांकडे गेलं, म्हणजे सरकारात सामील झाल्यावर तीन महिन्यांनी. सत्तेत येताना मिळालेला वाटा आणि नंतर पदरात पाडून घेतलेला वाटा वेगळे असतात, ते असे.

विरोधी पक्षनेत्यासाठीही भांडण होतं का?

होतं, आणि कधीकधी पदच मिळत नाही. एक दशांश सदस्य हवेत, हा संकेत आहे. २८८मध्ये ते होतात २९. २०२४ला ठाकरेंची शिवसेना २०, काँग्रेस १६, शरद पवारांची राष्ट्रवादी १०. कुणाकडेच २९ नाहीत. विरोधी पक्षनेत्याच्या वेतनाबद्दलच्या १९७८च्या राज्य कायद्यात दहा टक्क्यांची अट नाही, असं विरोधकांचं म्हणणं. मार्च २०२५मध्ये ठाकरे गटाने भास्कर जाधवांचं नाव दिलं. निर्णय करायचा कुणी? अध्यक्षांनी.

नेते ‘मी नाराज नाही’ म्हणतात तेव्हा काय समजायचं?

नाराज आहेत, पण दार बंद केलेलं नाही. ज्याला खरंच काही नको असतं तो पत्रकारांना भेटत नाही.

मंत्री जास्तीत जास्त किती, याला २००३पासून मर्यादा आहे: सभागृहाच्या १५ टक्के, म्हणजे महाराष्ट्रात ४३. डिसेंबर २०२४च्या विस्तारानंतर मंत्री झाले ४२. एक जागा शिल्लक ठेवली की दहा जण आशेवर राहतात, हे जुनं शास्त्र. त्या विस्तारात छगन भुजबळांना वगळलं गेलं. ते ‘नाराज नाही’ म्हणाले नाहीत. अधिवेशन सोडून नाशिकला गेले आणि उघडपणे बोलले. मार्च २०२५मध्ये धनंजय मुंडेंचा राजीनामा झाला. २० मे २०२५ला भुजबळांनी मंत्रिपदाची शपथ घेतली, आणि मुंडेंकडे असलेलं अन्न व नागरी पुरवठा खातं त्यांच्याकडे आलं.